पुनर्वसूतली सही

पत्राचा सारांश: लिहिणारे गृहस्थ 36 वर्षांचे, दापोली तालुक्यातले. पुण्यातली नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वी गावी परतले. भात, नाचणी, हापूसची चाळीसेक कलमं, थोडी सुपारी, दोन गाई, एक वासरू. घरात आई. पत्नी युरोपातल्या एका देशाची. लग्न तीन वर्षांपूर्वी गावच्या देवळात झालं, सरकारी नोंदणी मात्र गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. तोवर ती पर्यटक व्हिसावर ये-जा करायची. नोंदणीनंतर पत्नी म्हणून एक वर्षाचा व्हिसा मिळाला, त्याची मुदत यंदा 9 जुलैला संपली, म्हणजे ऐन लावणीत. तिने तीनदा आठवण करून दिली, ह्यांनी तीनदा ‘लावणी उरकू दे’ म्हटलं. अर्ज 11 दिवस उशिरा गेला. दंड बसला. वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असल्याने अर्ज एकदा परतही आला. मूळ कागद घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं ठरलं त्या दिवशी दाभोळची फेरी बंद होती, मग खेड-चिपळूणवरून वळसा. वाढवून मिळालेली मुदत पुन्हा 9 जुलैलाच संपते. तेव्हापासून पत्नी अबोल आहे. गाईंचं दूध काढते, गोठा झाडते, सासूशी बोलते, ह्यांच्याशी कामापुरतं. आता डिसेंबरात माहेरी जाते म्हणते. परत कधी येणार विचारलं तर ‘बघू’. प्रश्न तीन: दहा गुंठे तिच्या नावावर केले तर तिचा कागद भक्कम होईल का? पुण्याला बिऱ्हाड हलवलं तर कामं लवकर होतील का? की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला इथे कायम राहू देणारं सरकारी कार्ड) होईपर्यंत तिला माहेरीच राहू द्यावं? (पत्रातल्या काही खुणा बदलल्या आहेत. तालुका राहू दिला, फेरीबोटीशिवाय हे पत्र कळणार नाही.)

नमस्कार.

तुमचं पत्र आठ पानांचं. त्यातली सहा पानं नियमांची, दीड पान गाईगुरांचं आणि शेताचं. उरलेल्या अर्ध्या पानात एक वाक्य आहे. ते तुम्ही आधी खोडलंत आणि मग खोडलेल्याच्या वर तेच पुन्हा लिहिलंत. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी नियम बघू, कारण ते डोक्यात घोळत असताना दुसरं काही तुमच्या कानात शिरायचं नाही. 29 वर्षं मी तालुक्याच्या एका कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. बाहेरच्या माणसाला आधी कागदाचं उत्तर द्यावं, मग तो बोलता होतो, एवढं त्या खुर्चीने शिकवलं.

जमिनीचं पहिल्यांदा. दहा गुंठे नावावर करायची युक्ती तुम्हाला कोणी दिली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती मला ओळखीची आहे. आपल्याकडे माणूस कुठला हे सातबारा ठरवतो. तीन पिढ्या मुंबईत काढलेला चाकरमानीसुद्धा गावच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे ना, हे गणपतीत आला की एकदा बघून जातो. म्हणून जमीन नावावर झाली की माणूस इथला झाला असं आपल्याला वाटतं. सरकारदरबारी ह्या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि त्या कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. जमीन आहे म्हणून कोणाला इथे राहायची परवानगी मिळत नाही. आणि परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही की बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. उद्या ओसीआय कार्ड हातात आलं तरी शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस ह्यांच्यापुरती ही बंदी राहतेच. त्यातून महाराष्ट्रात 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आहे; मुळात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मग तो सांगलीचा असो नाहीतर सातासमुद्रापलीकडचा. वारसाने येणाऱ्या जमिनीची गोष्ट निराळी आहे, ते दार पुरतं बंद नाही. त्याबद्दल चांगल्या वकिलाला विचारून मृत्युपत्र करून ठेवा, तुमच्या वयाला जरा लवकर वाटलं तरी. बाकी, तुमच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, चुलतचुलते धरून 17 नावं आहेत असं तुम्हीच लिहिता. त्यातले दहा गुंठे नेमके कुठले आणि कोणाचे, हे भावकीत ठरेपर्यंत तुमची बायको आजी होईल.

पुण्याचं थोडक्यात. पुण्याला गेलात तर पत्ता बदलतो, बदललेला पत्ता कळवावा लागतो, अधिकारी बदलतो. व्हिसा तोच, कागद तेच, वर घरमालकाचा भाडेकरार. हे अर्ज 2018 पासून ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतात. दापोलीत उघडलं तरी तेच पान आणि कोथरुडात उघडलं तरी तेच. पुण्यात रेंज चांगली मिळेल हे मान्य. तुम्ही लिहिता की अर्ज भरायला तुमची बायको लॅपटॉप घेऊन सड्यावर, वरच्या कातळावर जाते, फणसाखालच्या गडग्यावर बसते, ओटीपी मात्र तुमच्या फोनवर येतो, आणि फोन खाली मळ्यात बांधावर, इरल्याखाली. मग ती वरून हाक मारते आणि आकडे तुमच्यापर्यंत पोचून परत जाईपर्यंत त्यांची वेळ संपते. हे वाचून मला हसू आलं, मग आलं नाही. ह्याच्यावर उपाय पुण्याला जाणं नाही. उपाय म्हणजे अर्जात तिचा नंबर घालणं. शेतीला कंटाळला असाल आणि म्हणून पुणं आठवत असेल, तर तसं मोकळेपणाने लिहा, ते वेगळं पत्र होईल. निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला तुमची अर्धी वाडी आडवी केली तेव्हा गावी येऊन तुम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि तरी तुम्ही गेला नाहीत. एका कागदापायी जाल असं मला वाटत नाही.

आता ओसीआय. तुमचा एजंट म्हणतो अजून होत नाही, आणि तुम्हाला वाटतं तो पैशासाठी टोलवतोय. एजंट मंडळींची बाजू घ्यायची माझ्यावर वेळ फारशी येत नाही, पण ह्या वेळी त्याचं बरोबर आहे. भारतीयाच्या परदेशी पतीला किंवा पत्नीला हे कार्ड मिळायचं तर लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. तुम्ही देवळातल्या अक्षतांपासून मोजता, सरकार नोंदणीच्या दाखल्याकडे बघतं. वधू ख्रिस्ती आणि वर हिंदू, तेव्हा तुमचं लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बसत नव्हतंच. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून आणि तीन साक्षीदार उभे करून जे झालं, ते कागदावरचं लग्न. त्याला दोन वर्षं येत्या फेब्रुवारीत पुरी होतात. म्हणजे तुम्ही समजता तेवढे लांब नाही आहात.

पण फेब्रुवारीत अर्ज आणि मार्चमध्ये कार्ड असं समजू नका. पती-पत्नीच्या नात्यावर मागितलेल्या कार्डाला आधी सुरक्षा पडताळणी लागते, मूळ कागद दाखवायला बोलावतात, चौकशी होते, त्यात महिने जातात. तोपर्यंत आताचा व्हिसा जिवंत राहिला पाहिजे. ‘ओसीआयचा अर्ज टाकलाय, आता मुदतवाढ कशाला’ असं म्हणून व्हिसा संपू देणारी माणसं मी पाहिली आहेत. 9 जुलै तुमच्या डोक्यावर आहेच असं धरून चाला, कार्ड आधी आलं तर आनंद आहे.

आणि कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन नाही. इथे आयुष्यभर राहता येतं, दरवर्षी मुदतवाढ नाही, नोंदणी नाही, एवढं मिळतं, आणि तेवढं पुष्कळ आहे. नागरिकत्वाचा रस्ता वेगळा: लग्नाच्या आधाराने अर्ज करायला सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे तिला स्वतःचा पासपोर्ट सोडावा लागेल. हा विषय तुम्ही काढू नका. कधी काढायचा तर तो तिने काढावा.

तुमच्या पत्रात तिचा म्हणून एकच प्रश्न आहे आणि तो मला फार आवडला. आंब्याच्या मोसमात बागेत राखणीला आलेला नेपाळी माणूस कुठलाही व्हिसा न दाखवता सहा महिने राहतो, आणि ती ह्या घरची सून असून तिला का नाही, असं तिने विचारलं, आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. उत्तर 1950 च्या भारत-नेपाळ करारात आहे. दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहायची, काम करायची मोकळीक त्याने दिली. तिला हे सांगा. नियमामागचं कारण कळलं की नियम कमी टोचतो असं नाही, पण ‘मीच का’ असं जे वाटत असतं ते जरा निवळतं.

कागदाचं आणखी बरंच आहे, त्यातलं तुमच्यासारख्या इतरांनाही लागू आहे म्हणून लिहिते. सहा महिन्यांवर मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची असते. जिथे वेगळं कार्यालय नाही तिथे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी. मुदतवाढीत एक वर्षच मागायचं असा काही दंडक नाही. जास्त मागता येते, द्यायची की नाही ते त्यांच्या हातात. मागच्या अर्जावरून आकडे उतरवून काढू नका, पुढच्या अर्जात जास्त मुदत मागा आणि 9 जुलैच्या फेऱ्यातून सुटा. पासपोर्टची मुदत आधी बघा, पासपोर्टच संपत असेल तर त्याच्या पुढची वाढ मिळत नाही. घरात परदेशी पाहुणा उतरला, मग तो होमस्टेचा असो नाहीतर तिचा सख्खा भाऊ, तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते (जुन्या कायद्यात ह्यालाच सी फॉर्म म्हणत). किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक असतं आणि ठाऊक असलेल्यांतले निम्मेच भरतात, हा माझा अंदाज. ती गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिली असेल तर तिचं आधार निघतं, व्हिसाच्या मुदतीपुरतं. ते काढून घ्या, त्याच्यावाचून बरीच कामं अडतात. ती दुधाचं चीज करून मुरुड-कर्द्याच्या हॉटेलांना द्यायचं म्हणते, ते उत्तम आहे, पण विक्री सुरू करायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या. ह्या व्हिसावर कमाईचं काम परस्पर चालत नाही. ओसीआय झाल्यावर ती अडचण राहणार नाही. तोवर घरच्यांना खाऊ घाला. आणि गावात जो कोणी ‘असं असतं, तसं असतं’ म्हणून सांगतो त्याला एकच विचारा, हे कधीचं. 1946 चा जुना परदेशी नागरिकांचा कायदा आता नाही, 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट लागू झाला आहे. पोर्टलवर त्या दिवशी जे लिहिलं असेल ते खरं.

झालं. आता ते वाक्य.

जुलैतल्या भांडणात तिने म्हटलं, ‘माझी मुदत आज संपली.’ आणि तुम्ही चिखलाच्या पायांनी पडवीत उभे राहून म्हणालात, ‘सही माझीच लागते ना, करतो म्हटलं ना.’

तुमच्या मते हे वैतागाचं बोलणं. दिवसभर वाकून कंबर गेलेली, मजूर मिळत नाहीत, पॉवर टिलर बंद पडलेला, त्यात ही कागदाचं काढते. सगळं खरं. पण एकदा तिच्या जागी उभे राहून ऐका. तिला इथे राहता येतं ते कशामुळे? तिने दोन पावसाळे लावणी केली म्हणून नाही. गोठा झाडला म्हणून नाही, तुमच्या आईचं पथ्यपाणी केलं म्हणून नाही. तुमची बायको आहे म्हणून, एवढंच. प्रत्येक अर्जाला तुमचं पत्र लागतं, तुमच्या ओळखपत्राची प्रत लागते, तुमच्या घराचा पत्ता लागतो. उद्या ओसीआय झालं तरी लग्न मोडलं तर ते कार्ड रद्द होऊ शकतं. तिच्या पायाखालची सगळी जमीन तुमच्या सहीवर आहे. (हाच तुमचा सातबारा, बघा.) आणि हे तुम्ही तिला ऐकवलंत, नेमकं ज्या दिवशी तुमच्या दिरंगाईने ती बेकायदा ठरली त्याच दिवशी.

तुम्ही तसं म्हणायला गेला नव्हतात हे मला कळतं. तिला कळलं असेलच असं नाही. आणि तुम्ही ते वाक्य खोडून पुन्हा लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही कुठेतरी कळलं होतं.

पत्रात तुम्ही विचारता, ‘तिला इथे रुजवायला मी आणखी काय करू?’ कोकणातला माणूस हा प्रश्न वाचून लगेच कलमाचं उदाहरण देतो, मी तो मोह आवरते. मला एवढंच दिसतं की प्रश्नात सगळी क्रिया तुमच्याकडे आहे. तुम्ही रुजवणार, तुम्ही जमीन देणार, तुम्ही पुण्याला नेणार, तुम्ही माहेरी राहू देणार. ह्या आठ पानांत तिला काय हवं हे तुम्ही तिला विचारल्याचं एकदाही आलेलं नाही. चीजचं आलं आहे, तेही ‘तिच्या डोक्यात खूळ आहे’ असं.

शेतीचं दीड पान मी दोनदा वाचलं, कारण ते फार सुंदर लिहिलंय. कवळ कधी तोडायची, दाढ कधी भाजायची, रोहिणीत धूळवाफेला पेरलं तर काय आणि मृगात पेरलं तर काय, तरवा (भाताची रोपं) एकवीस-पंचवीस दिवसांचा झाला की त्याला थांबवता येत नाही, जुना तरवा लावला तर फुटवे कमी येतात. मोहोर आला की तुडतुड्यासाठी कधी फवारायचं, झेल्यात एका वेळी किती आंबे धरायचे, देठ किती ठेवायचं. हे तुम्हाला कोणी पाठ करायला लावलं नाही. जे काम आपलं आहे त्याच्या तारखा माणसाच्या अंगात असतात. मग 9 जुलै का नव्हती? पुनर्वसू 5-6 जुलैला लागतं हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. त्याच नक्षत्रात बायकोच्या व्हिसाची मुदत संपते हे मात्र तिने तीनदा सांगूनही लक्षात राहिलं नाही. कारण तुमच्या लेखी ते तिचं काम होतं, शेत हे घरचं काम.

तुमच्या आई ह्यात तुमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. त्यांचं म्हणणं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: ‘आई म्हणते, एक दिवस लावणी थांबली असती तर भात काय पळून गेलं असतं?’ ह्यात तक्रार कसली? आयुष्यभर लावणी केलेल्या बाईने दिलेला हा सल्ला आहे. एका दिवसाने भाताचं काही जात नाही. एका दिवसाने व्हिसाचं जातं.

तेव्हा माझं म्हणणं असं. हा कागद आगोटीच्या कामांत घाला. पावसाआधी आपण काय काय करतो? लाकडं भरतो, कौलं चाळतो, गोठ्याच्या झडपा बांधतो, पेंढा आत घेतो, मसाला कुटून घेतो, बियाणं काढून ठेवतो. त्यात आणखी एक. भिंतीवर कालनिर्णय आहे ना, त्याच्या मे महिन्याच्या पानावर, जिथे रोहिणी लिहिलेलं असतं त्याच्या शेजारी तुमच्या हाताने लिहा: अर्ज. आंबा उतरवून झालेला असतो, पाऊस पडायचा असतो, फेऱ्या चालू असतात, मे अखेरीचे दोन दिवस तुम्हाला मिळतात. फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, लग्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, असेसमेंटचा उतारा, घरपट्टीची पावती, तुमचं आधार आणि तुमचं सही केलेलं पत्र, हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, धान्याच्या कणगीपासून आणि उंदरांपासून लांब. सगळ्या कागदांवर पत्ता एकाच तऱ्हेने लिहिलेला हवा. एकीकडे वाडीचं नाव, दुसरीकडे नुसतं गाव, तिसरीकडे पोस्ट, असं असलं की पडताळणी करणारा बिचारा गोंधळतो. मी स्वतः अशा कागदांवर शेरे मारलेत, वाईट हेतूने नाही, मला खरंच कळायचं नाही की ही तीन घरं की एक. फाइल पाठवायला तिला सड्यावर एकटीला बसवू नका. दापोलीत जा दोघं, एखाद्या सायबर कॅफेत बसून अर्ज भरा, पावती छापून घ्या आणि मग कुठेतरी बसून चहा प्या.

सही करून द्यायची ती मागायच्या आधी. ह्या एका गोष्टीला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देते. तिने फाइल उघडावी आणि तुमचं पत्र आधीच आत असावं.

कामांबद्दल एक विचारायचं राहिलं. ‘ती इथल्या बायकांपेक्षा जास्त राबते’ असं तुम्ही अभिमानाने लिहिता. ती का राबते, हे तिला विचारलंत का? शेतकऱ्याची मुलगी आहे, तिला गुरांची आवड आहे, असं तुमचं म्हणणं, आणि ते असेलही. पण ज्या घरात आपलं असणं दुसऱ्याच्या सहीवर आहे तिथे माणूस जरा जास्तच राबतो. आपल्या आज्या-पणज्या अशाच राबल्या, त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हते एवढाच फरक. कदाचित ती आनंदाने करत असेल, मला इथे बसून कसं कळणार? तुम्ही एखाद्या सकाळी तिच्या आधी उठून गाईखाली बसा. ती म्हणाली ‘सरका, मी काढते’, तर एक उत्तर मिळालं. ती पांघरूण घेऊन पुन्हा झोपली, तर दुसरं.

आता माहेरी जाण्याचं. तुमचा शब्द आहे ‘राहू द्यावं’. तो बदला. गौरी-गणपतीला, दिवाळीला तुमच्या वाडीतल्या सगळ्या मुली माहेरी येतात. तुमच्या बहिणी येतात, त्यांचं कौतुक तुमची बायको करते, घावणे आणि खापरोळ्या आता तिच्या हातच्या होतात असं तुम्हीच लिहिलंय. तिचं माहेरपण कधी झालं? डिसेंबरात ती जाते ती माहेरवाशीण म्हणून जाऊ दे. भात झोडून झालेलं असतं, कलमांना मोहोर यायला लागलेला, घरात आई आहे, तुम्ही आहात, गाई तुम्ही बघाल. जाण्याआधी एवढं तपासा की व्हिसा पुन्हा पुन्हा प्रवेशाचा आहे आणि नोंदणीचा कागद तिच्या बरोबर आहे. ओसीआयसाठी लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. बायकोने सलग दोन वर्षं गोठ्यात असावं अशी अट नाही. माहेरी गेल्याने अर्जाचं काही बिघडत नाही. लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत घरी ठेवा, तिच्या देशाकडून जो काही दाखला लागणार असेल त्याची यादी पोर्टलवरून काढून तिच्या हातात द्या, आली तर घेऊन येईल.

आली तर, असं मी लिहिलं. तुमच्या मनातलंच आहे ते, म्हणून लिहिलं. तिच्या ‘बघू’चा अर्थ मला ठाऊक नाही, आणि तो काढत बसण्यात तुम्ही दोन महिने घालवलेत. तिकीट काढायच्या आधी, कामाच्या मध्ये नाही, रात्री गुरांना पेंढा टाकून झाल्यावर, तिला सांगा: पुनर्वसूत मी बोललो ते चुकलं. ‘रागात होतो’ हे पुढे जोडू नका. ‘पण’ तर नकोच. आणि मग ती जे बोलेल ते, तिच्या मराठीत, अर्धवट असलं तरी, शेवटपर्यंत ऐका. ती रडली तर रडू द्या. चिडली तर जास्त बरं, चार महिन्यांनी चिडलेलं माणूस अजून बोलतंय असं समजा. तुम्ही लगेच ओसीआयचं, फेब्रुवारीचं, हिशेबाचं काढू नका, ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगा. ही बातमी चांगली आहे, ती माफीच्या मोबदल्यात दिल्यासारखी होऊ नये.

फेब्रुवारीचा अर्ज भरताना मोबाइल नंबर तिचा, ईमेल तिचा. आणि वीजबिल तेवढं आजोबांच्या नावावरून उतरवून घ्या. ते जाऊन 19 वर्षं झाली असं तुमच्याच पत्रात आहे.